दुसरा एसी घेण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की यंदा उन्हाळ्याआधी वरच्या बेडरूममध्येही एसी लावून टाकतो. जरूर लावा. वय वाढलं की तहान कमी लागते, घामही नीट येत नाही, त्यात आईच्या बीपीच्या गोळ्या. उन्हाळा अंगावर काढायचे तुमचे दिवस आता नाहीत. पण एसीच्या आधी गच्चीचं काम करून घ्या, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

वरची खोली तापते ती स्लॅबमुळे. चैत्र-वैशाखात सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा गच्चीला कितीतरी जास्त ऊन लागतं. दिवसभर काँक्रीट ते पीत राहतं आणि संध्याकाळनंतर खोलीत सोडतं. म्हणून रात्री दहाला गच्चीवर गार वारा असतो आणि खाली पंखा गरम हवा फेकतो. पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर ते चक्क कोमट लागतं. अशा खोलीत एसी लावला तर तो अर्धी रात्र स्लॅबशीच झगडणार.

दोन उपाय आहेत. सोपा म्हणजे गच्चीला ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग. स्वस्त आहे, पण धूळ बसली की त्याचं काम मंदावतं आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. मला पटतो तो दुसरा: आधी वॉटरप्रूफिंग तपासायचं, त्यावर एक्सपीएसच्या, म्हणजे दाट फोमच्या, दोन इंची शीट, वर कोबा आणि शेवटी पांढरा चायना मोझेक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर. तेवढ्या शीटइतकी उष्णता नुसत्या काँक्रीटने अडवायची तर निदान पाच-सहा फूट जाड स्लॅब लागेल. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत जाड भिंती आणि मातीचं माळवद जे करायचं, ते इथे दोन इंचांत होतं. आई, तुझ्या कुरडया-पापडांची जागा जात नाही, मोझेकवर खुशाल खाट टाक. फक्त काम पावसाच्या आत संपायला हवं आणि पाण्याचा उतार बिघडता कामा नये.

कुणी पीओपीचं सीलिंग सुचवलं तर नको म्हणा. नुसत्या पीओपीने स्लॅब तापायचा थांबत नाही. आतून उघडं थर्माकोल तर मुळीच नको, ते भराभर पेट घेतं.

आता थंडीचं. निफाडचा पारा उतरला की आपल्याकडेही हुडहुडी भरते आणि आई खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबते. एकदा पंखे बंद करून पेटती उदबत्ती खिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे धूर वाकडा होईल, तिथे फट आहे. दिवाळीत मी फिरवून बघितली होती. देवघराशेजारच्या स्लायडिंगला धूर सरळ आत ओढला जात होता, कारण शटरच्या कडेची ब्रशची पट्टी पार झिजली आहे. ती बदलून मिळते. मागच्या दाराला खालून रबरी पट्टी लावा, हॉलमधल्या एसीच्या पाइपाभोवतीचं भोक पुट्टीने बुजवा. स्लायडिंगच्या खालच्या चौकटीतली बारीक भोकं मात्र तशीच ठेवा, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. या फटी बुजल्या की उन्हाळ्यात एसीची गार हवाही घरातच राहील.

बाबा, पुढचं नीट वाचा. बाथरूममध्ये आपला गॅस गीझर आहे. तिथली जाळी, एक्झॉस्टची जागा, दाराखालची फट, काही म्हणजे काही बंद करायचं नाही. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. खरं तर तो गीझर काढून विजेचा बसवावा, असंच माझं मत आहे. स्वयंपाकघराची खिडकीही गॅस चालू असताना उघडी हवी. आणि थंडीत दार लावून खोलीत शेगडी कधीच नको.

उन्हाळ्यात खिडक्या पहाटे उघडा, ऊन चढायच्या आत लावून घ्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा सोडा. ऊन काचेतून आत आल्यावर आतल्या पडद्याने फारसं काही अडत नाही.

एवढं झाल्यावर बेडरूमचा एसी घ्या. तो लहान टनाचा पुरेल का, ते तेव्हा बघू. लावाल तेव्हा २४ वर ठेवून पंखा सुरू ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई, म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जाबचतीची संस्था, सांगते.

गच्चीच्या कामाचे पैसे मी देणार आहे, त्यावर वाद नको. मिस्त्रीला बोलवा, पण आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्याशी माझं बोलणं करून द्या. आणि बाबा, आज बाथरूमच्या जाळीचा फोटो पाठवा. मागे रंगकाम झालं तेव्हा ती कुणी झाकली तर नाही ना, ते मला बघायचं आहे.

तुमची,
ताई