मंत्रिमहोदय, पटावर नाव आले; आता शिकवायला माणूस द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले. दिव्यांग मुलांचे शाळाप्रवेश झाले, यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या रकान्यात त्यांची नोंद झाली. विशेष शिक्षक मात्र याही वर्षी शाळेत आठवड्यातून फार तर एकदा येणार, तेही त्या दिवशी सभा, शिबिर किंवा माहिती भरण्याचे काम निघाले नाही तर. एकही मूल शाळेबाहेर राहणार नाही, हे आश्वासन आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. मूल शाळेबाहेर नाही, हे खरे आहे. ते वर्गात आहे, मागच्या बाकावर, आणि बाकीचा वर्ग भागाकार शिकत असताना त्याच्यापुढे रंगवायला चित्र ठेवलेले आहे. याला समावेशन म्हणू नका, ही पहिली विनंती.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण घालून दिले: प्राथमिकला 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पदे जाहीर करायला पुन्हा सांगावे लागले. आपल्या राज्याने 2024 मध्ये केंद्रामागे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे, एक अशी 4,860 पदे मंजूर केली. निर्णयाचे स्वागतच आहे, पण हिशेब मांडून पाहा. केंद्रात दहा शाळा आणि शाळेत तीन मुले धरली, तर मुले झाली तीस. न्यायालयाच्या प्रमाणाने तिथे तीन शिक्षक हवेत. एकाच शिक्षकाने सोमवार ते शुक्रवार रोज दोन शाळा केल्या, तर प्रत्येक शाळेला अर्धा दिवस, म्हणजे जेमतेम अडीच तास मिळतात. एका मुलाच्या वाट्याला पन्नास मिनिटे. आठवड्याला! त्यातून रस्त्यात जाणारा वेळ, मासिक सभा आणि अंथरुणाला खिळलेल्या मुलांच्या गृहभेटी अजून वजा करायच्या आहेत.

अध्ययन अक्षम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला रोज पंधरा मिनिटे लागतात. सोमवारी घेतलेले 'घर, नळ, कमळ' मंगळवारी पुन्हा समोर आले नाही तर पुढच्या सोमवारी पाटी कोरी असते. म्हणून विशेष शिक्षकाने आराखडा करावा, साहित्य बनवावे आणि वर्गशिक्षकाने तो रोज पुढे न्यावा, अशी ही रचना आहे. पण वर्गशिक्षक कुठे आहे? द्विशिक्षकी शाळेत एका माणसाकडे दोन-दोन इयत्ता, वर पोषण आहाराची नोंद आणि दिवसाला नवा ऑनलाइन तक्ता.

त्यामुळे वैयक्तिक शिक्षण आराखडाही कागदापुरता उरतो. 'वाचनात सुधारणा करणे' असे उद्दिष्ट लिहून नाव बदलत तोच आराखडा दहा मुलांच्या फायलींना लागतो. उद्दिष्ट असे हवे: ऑक्टोबरअखेर काना-मात्रा नसलेले दोन अक्षरी वीस शब्द, चित्राच्या आधाराशिवाय, सलग तीन दिवस, विसापैकी सोळा बरोबर. म्हणजे कुठे अडले ते कळते. दर तीन महिन्यांनी पालकांना समोर बसवून ते तपासायचे असते. त्यासाठी लागणारा वेळ आपण कोणाच्या वेळापत्रकात ठेवला आहे?

आता मुलांना मिळणारे सहायक साहित्य. मोजमाप शिबिर एका ऋतूत होते, वाटप दुसऱ्या. तोवर मूल वाढते. पायाला आधार देणारा कॅलिपर पोटरीला काचतो, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या खास खुर्चीची (सीपी चेअर) पायपट्टी चुकीच्या उंचीवर राहते, पाय लोंबकळतात, धड पुढे घसरते. आणि ज्याला धड सरळ ठेवता येत नाही त्याचा हात लिहायला मोकळा राहत नाही. कर्णयंत्राचेही तेच. कानात बसणारा मोल्ड त्या एका कानाच्या मापाचा असतो. लहान मुलाचा कान वाढला की तो सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. वर्ग हसतो, मूल यंत्र काढून दप्तरात टाकते. तपासणीला आलेला अधिकारी लिहून जातो: यंत्र दिले आहे, मूल वापरत नाही. मोल्ड लहान वयात काही महिन्यांनी आणि नंतरही साधारण वर्षाने बदलावा लागतो. सेल आठवडा-दोन आठवडे टिकतो. त्याचे स्टिकर एकदा काढले की यंत्र बंद असले तरी तो उतरत राहतो. यंत्राच्या वाटपाचा फोटो निघतो. मोल्ड आणि सेल कोणी द्यायचे, हे शाळेत कोणालाच ठाऊक नसते.

रॅम्पचे माप तर कोणीही टेप लावून पाहावे. उतार 1:12 हवा, म्हणजे जोते 45 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 5 मीटर 40 सेंटिमीटर लांब. वर दारापुढे चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर सपाट जागा. प्रत्यक्षात दोन मीटरमध्ये उरकलेले रॅम्प आम्ही पाहतो. असल्या चढावर खुर्ची मागे उलटते आणि उतरताना मूल पुढे फेकले जाते, म्हणून मुलाला उचलूनच नेतात. बिल मात्र रॅम्पचे निघालेले असते. अशा बिलावर सही करणाऱ्याकडून पैसे वसूल व्हायला हवेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अल्पदृष्टी मुलांना प्रश्नपत्रिका ए-फोरवरून ए-थ्रीवर झेरॉक्स करून देतात. त्याने 12 पॉइंटचे अक्षर 17 पॉइंटच्या आसपास जाते. मोठी छपाई 18 पासून सुरू होते. शिवाय नकाशातल्या फिकट रेषा पुसल्या जातात आणि तो कागद बाकावर मावत नाही. तीच प्रश्नपत्रिका 20 ते 24 पॉइंट ठळक टाइपात साध्या कागदावर काढायला संगणकावर काही मिनिटे लागतात. फक्त कोणीतरी ती आदल्या दिवशी काढायला हवी.

हे सगळे कोणाला विचारायचे? विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, सर्वसाधारण शाळेतले दिव्यांग मूल आपल्या विभागाकडे, प्रमाणपत्र आरोग्य विभागाच्या रुग्णालयात. पालक मजुरी बुडवून तिन्हीकडे फिरतो आणि प्रत्येक खिडकीवर त्याला दुसरी खिडकी दाखवतात. ज्या विशेष शिक्षकांनी ही मुले पटावर आणली, त्यांची उमेदीची वर्षे कंत्राटावर गेली. करार वाढेल की नाही या धास्तीत जगणारा माणूस चुकीच्या रॅम्पबद्दल तोंड उघडेल, अशी अपेक्षा शासनाने कशी ठेवावी? या व्यवस्थेत मूल किती शिकले हे कोणीच मोजत नाही. किती वाटले, किती प्रशिक्षित झाले, किती फोटो चढवले, एवढेच मोजले जाते. याचा राग येतो, आणि तो लपवण्याची आमची इच्छा नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 नुसार शाळकरी दिव्यांग मुलांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी व्हायचे आहे. कायदा 19 एप्रिल 2017 रोजी लागू झाला आणि पहिले सर्वेक्षण दोन वर्षांत करायचे होते. ते आकडे केंद्रनिहाय जाहीर करा आणि पदे केंद्र मोजून नव्हे, मुले मोजून द्या. मोल्ड, सेल आणि कॅलिपर दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात महिन्यातला एक ठरलेला वार ठेवा. मोजमाप शिबिराच्या पत्रातच वाटपाची तारीख छापा. ती तीन महिन्यांपलीकडे गेली तर नव्याने माप घेणे बंधनकारक करा. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळेची मंजुरी मुलाच्या हातात जानेवारीतच पडू द्या, म्हणजे त्याला त्या लेखनिकाबरोबर निदान दोन सराव परीक्षा देता येतील.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

आपली,
समावेशित वर्गांत काम करणारी एक विशेष शिक्षिका