ट्रम्पेटवाल्या मास्तरांना, माजी नौसैनिकांकडून

मास्तर,

स.न.वि.वि.

४ डिसेंबरला आमचा कार्यक्रम आटोपला आणि तुम्ही ट्रम्पेट पेटीत घालून तडक वरातीला पळालात. चहाही घेतला नाहीत. आमच्या सचिवांनी नेहमीप्रमाणे आभाराचं भाषण केलं. त्यात मंडपवाले आले, आचारी आला, शाळेचं मैदान देणारे मुख्याध्यापक आले. तुमचं नाव निघालं तोवर तुम्ही वेशीबाहेर गेला होतात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. कारण तुम्ही नेमकं काय केलंत हे समोर बसलेल्या निम्म्या मंडळींच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना वाटलं, संघटनेने बँड सांगितला होता, त्यातला एक जण वाजवून गेला.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. नौदल दिन पूर्वी निरनिराळ्या तारखांना व्हायचा. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीने पहिला साजरा केला तो २१ ऑक्टोबर १९४४ला. १९७२पासून ४ डिसेंबर ठरला. आदल्या वर्षीच्या युद्धात त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटी कराचीवर चालून गेल्या होत्या. किनारा राखायला म्हणून घेतलेल्या या लहानशा बोटी. सोबतीला किल्तान आणि कच्छल ही जहाजं. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडाली, मुहाफिज ही सुरुंग काढणारी बोट बुडाली, आणि आपलं एकही माणूस गेलं नाही. आमच्या काकांची (हे आमच्यात सर्वांत वडीलधारे, एकाहत्तरला एका जहाजावर रडारवर होते) एक ठरलेली गोष्ट आहे. त्या बोटींवरची मंडळी रशियात शिकून आलेली, त्यामुळे वायरलेसवर रशियन बोलायची. ऐकणाऱ्याने कितीही कान लावले तरी पत्ता लागू नये. ही गोष्ट काका दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो.

तर नौदल दिन हा मुळात आनंदाचा दिवस. मुंबईला गेटवेसमोर बीटिंग रिट्रीट होतं. २०२३ला सिंधुदुर्गात तारकर्लीच्या किनाऱ्यावर मोठा सोहळा झाला, तेव्हा आमच्यातले बरेच जण गर्दीत उभं राहून पाहून आले. आमचा तालुक्याचा कार्यक्रम आपला साधा. सकाळी आठला झेंडा, कारण जहाजावर ध्वज आठलाच चढतो आणि ती सवय जात नाही. मग दुपारी बडा खाना. नौदलात बड्या खान्याला अधिकारी स्वतः वाढतात. आमच्याकडे जो सर्वांत वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला त्याने वाढप्याचं काम करायचं, आणि आम्ही खालच्या रँकवाल्यांनी त्याला मुद्दाम तीनतीनदा भात मागायचा. आमच्यातल्या एकाकडे ‘बजाज व्ही’ मोटरसायकल आहे. जुनी विक्रांत ही विमानवाहू नौका मोडीत निघाल्यावर तिचं पोलाद या गाडीच्या टाकीत वापरलं होतं. जेवणं झाली की तो ती मंडपाशेजारी आणून लावतो. मी स्वतः विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये घाम गाळलेला माणूस; मला त्या टाकीवर हात फिरवल्याशिवाय तो सोडत नाही. एकाहत्तरला विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, तरी तिला बंगालच्या उपसागरात नेलं आणि तिच्यावरून विमानं उडवली. ऐंशीच्या दशकात मी गेलो तेव्हाही जुने स्टोकर (बॉयलरवर काम करणारे) त्या बॉयलरबद्दल घरच्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात बोलायचे. असो. इंजिनाचा विषय निघाला की मला आवरत नाही.

संध्याकाळी श्रद्धांजली, आणि घोडं अडायचं ते इथे. तालुक्यातून गेलेल्या नौसैनिकांची यादी वाचायची: नाव, हुद्दा, शेवटचं जहाज. प्रत्येक नावाला सगळ्यांनी मिळून ‘हजर’ म्हणायचं. मग लास्ट पोस्ट ही बिगुलाची निरोपाची धून, दोन मिनिटं शांतता, आणि राऊज, म्हणजे जागं करणारी धून. पण बिगुलर आणायचा कुठून? एवढी वर्षं मोबाईल स्पीकरला जोडून भागवलं. एकदा तर लास्ट पोस्टच्या मध्येच जाहिरात सुरू झाली, बाईचा आवाज, कर्जाविषयी. वीरपत्नी समोरच्या रांगेत बसलेल्या. कुणी हसलं नाही, पण मला तरी त्यापेक्षा ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

काका त्या दिवशी घरी जाताना बोललेले शब्द तुम्हाला कुणी सांगितले नसतील. त्यांच्या तुकडीतले दोघे खुखरी या जहाजावर होते. कराचीनंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने खुखरीवर टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जहाजाबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाईफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते स्वतः जहाजावरच राहिले. दीवला समुद्राकडे तोंड करून स्मारक आहे, काचेत ठेवलेली खुखरीची प्रतिकृती. नंतर याच नावाची दुसरी खुखरी आली, तीही २०२१ला निवृत्त झाली आणि आता दीवलाच आहे. काका तिथे जाऊन आलेत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, ‘चार तारखेला जिंकलो हे खरं, पण माझा नौदल दिन नऊ तारखेपर्यंत चालतो. त्यात एक सूर तरी खरा वाजवा रे.’

आम्ही तुमच्याकडे आलो ते अगदी ऐनवेळी, आणि तेही ऐन लग्नसराईत. मला वाटलं होतं, तुम्ही डायरी उघडाल आणि सुपारी लागलीय म्हणून सांगाल. सुपारी खरोखरच लागलेली होती, हे आम्हाला नंतर तुमच्या ढोलवाल्याकडून कळलं. तुम्ही नवऱ्यामुलाच्या वडिलांना सांगून वरात तासभर पुढे ढकललीत. त्या गृहस्थांचेही आभार. घोडा, मुलं, फटाके सगळं थांबवून ठेवणं सोपं नसतं.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो, ‘हे वाजवतात कधी?’ आम्ही म्हटलं, माणूस गेल्यावर. तुम्ही म्हणालात, ‘तसं नाही. मुळात कशासाठी वाजवायचे?’ तेव्हा आमच्या सिग्नलवाल्याने सांगितलं, की जुन्या फौजेत रात्री अधिकारी एकेका पहाऱ्याची चौकी तपासत जायचा, आणि शेवटची चौकी झाली की हा बिगुल व्हायचा. दिवस संपला, आता झोपा. तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, ‘म्हणजे रडवायचं नाहीये. मग मी फार ओढत होतो.’ आणि चाल सरळ केलीत. तो फरक मला तेव्हा कळला नव्हता, चारला संध्याकाळी कळला. रेकॉर्डिंगमध्ये ऐकताना दरवर्षी घशात यायचं. तुमच्या वाजवण्यात ते तसं आलं नाही, पाठ आपोआप ताठ झाली.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या यंत्रवाल्याच्या नजरेतून सुटली नाही. बिगुलाला पिस्टन नसतात. जे काय मोजके सूर निघतात ते ओठांनी आणि फुंकेने. तुमच्या ट्रम्पेटला तीन पिस्टन आहेत, आणि त्यातला एकही तुम्ही दाबला नाहीत. उजव्या हाताची बोटं पिस्टनवर ठेवलीच नाहीत, हात खाली सरळ सोडून डाव्या हाताने वाद्य धरलंत. पाठीमागून तुमचाच क्लॅरिओनेटवाला कुजबुजला, ‘मास्तर बिनबोटांचं वाजवतायत.’ वरच्या सुराला एकदा वारा निसटला, तेवढं सोडलं तर आमच्या डॉकयार्डातला बिगुलर उभा आहे असंच वाटत होतं. गेल्या पिढीतला असता तर त्याने तो निसटलेला सूरही ओळखला असता आणि नंतर तुमच्या पाठीवर थाप मारली असती.

कपड्यांचंही तुम्ही आधी विचारलंत. तुमच्या बँडच्या लाल कोटावर जेवढी सोनेरी झालर आहे तेवढी आमच्या ॲडमिरलला मिळत नाही, हे आम्ही हसत म्हणालो होतो. तुम्ही ते मनावर घेतलंत आणि पांढरा शर्ट, काळी पँट घालून आलात. म्हणालात, ‘तुमच्या लोकांत माझी खोटी पट्टी नको.’ असं भान आम्हाला समारंभाला बोलावलेल्या पाहुण्यांकडूनही नेहमी मिळतं असं नाही.

तुम्ही डोळे मिटून वाजवत होतात, त्यामुळे समोरचं तुम्हाला दिसलं नसेल. म्हणून सांगतो. आमच्याकडे डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान उभं राहायचं. काका दरवर्षी गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून असतात. यंदा पिशवीतून जुनी टोपी काढून त्यांनी ती घातली, नातीच्या खांद्याला धरून उठले, आणि पहिल्या सुराला हात कपाळाशी नेला. नौदलाचा सॅल्यूट, तळहात खाली. (आमच्यात म्हणतात, डेकवर ग्रीसने बरबटलेले हात वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून तो तसा आहे. स्टोकर लोकांना हे कारण फार आवडतं.) दोन मिनिटं झाली तरी हात खाली आला नाही. तुम्ही राऊज वाजवलंत तेव्हा आला. मग त्यांनी नातीला विचारलं, ‘हे वाजवणारे कुठल्या जहाजावर होते?’

मानधनाचं पाकीट तुम्ही खजिनदारांच्या देखत ध्वजदिनाच्या डब्यात टाकलंत. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन १९४९पासून आहे. तो पैसा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या कामी येतो. पण आमचे खजिनदार आयुष्यभर नौदलाच्या भांडारात हिशेब लिहीत आलेले. खर्चाचं पाकीट जमेत कसं दाखवायचं यावर त्यांनी एक अख्खी बैठक घेतली. शेवटी तुमच्या नावाने पावती फाडली आहे. ती सोबत जोडली आहे, जपून ठेवा, नाहीतर ते दुसरी मागायला तुमच्याच दारात येतील.

आता पुढच्या वर्षाचं. श्रद्धांजली संध्याकाळऐवजी सकाळी झेंड्यानंतर लगेच घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. वराती सकाळी निघत नाहीत, त्यामुळे कुणाच्या नवरदेवाला ताटकळावं लागणार नाही. चारला लग्नाची सुपारी आली तर खुशाल घ्या. सव्वाआठपर्यंत मोकळे झालात की तुमचा दिवस तुमचा. आणि सिग्नलवाल्याच्या नातवाने त्या दिवसापासून घरात ट्रम्पेटचा धोशा लावला आहे. रविवारी त्याला तुमच्याकडे पाठवतो. शिकवा, पण त्याची फी मात्र रीतसर घ्या, तिथे पाकीट परत करू नका.

कळावे, लोभ असावा.

जय हिंद.

तालुक्यातील माजी नौसैनिकांच्या वतीने,
आपला,
बॉयलर रूमचा एक जुना स्टोकर