देब्युकूरचे रंग कुंचल्याने भरलेले नाहीत

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत फिलिबेर-लुई देब्युकूर (१७५५–१८३२) या फ्रेंच चित्रकार-मुद्राचित्रकारावर (मुद्राचित्र म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेला छापा) टिपण आले, याचा आनंद आहे. मात्र त्याच्या ‘सार्वजनिक विहार’ (१७९२) या चित्राला ‘हाताने रंगवलेला छापा’ म्हणणे चूक आहे. त्यातले रंग तांब्याच्या पत्र्यांवरून कागदावर उतरले आहेत.

देब्युकूर नवअभिजात चित्रकार व्हियें यांचा शिष्य. पण गुरूच्या ग्रीक-रोमन वीरांपेक्षा त्याला पॅले-रॉयाल या पॅरिसमधल्या राजवाड्याच्या बागेत मिरवणारे पॅरिसकर अधिक भावले. याच चित्रातला एकट्याने कित्येक खुर्च्या अडवून पसरलेला तरुण पाहा!

त्याचे मुख्य तंत्र ॲक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवतात आणि खालून ऊब देऊन ती चिकटवतात. आम्ल राळेच्या कणांमधली उघडी जागा तेवढी खाते आणि त्या बारीक खळग्यांत शाई धरते, म्हणून छापल्यावर जलरंगासारखी छटा मिळते. फिकट भाग वॉर्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडला की उरलेला भाग गडद होतो. ऊब कमी पडली तर पूड सुटते, तिथला पत्रा सरसकट खाल्ला जातो, त्या उथळ खळग्यात शाई टिकत नाही आणि काळ्याच्या जागी मळकट राखाडी डाग येतो. ऊब जास्त झाली तर राळ वितळून एकजीव होते आणि आम्ल आत शिरतच नाही.

रंगीत छाप्याला पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे वेगवेगळे पत्रे लागतात. (मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातही दर रंगाला वेगळा दगड असे.) पत्रे जुळवायला टाचणीची भोके वापरत. खरी डोकेदुखी कागदाची. तो ओलाच छापावा लागतो आणि दोन रंगांमध्ये जरा सुकला तरी आकसतो. मग ओठांचा तांबडा रंग गालावर जातो.

ओळखायचे कसे? चित्रातल्या हिरवळीवर भिंग धरा. पिवळ्या-निळ्या कणांची जाळी एकमेकींवर दिसली तर रंग छापलेला. कणांवरून सपाट ओघळलेला, कडेला साचलेला रंग कुंचल्याचा. काही प्रतींवर शेवटी कुंचल्याचा हात फिरवलेला असतो, पण तो अगदी थोड्या जागी.

टिपणात या चित्राच्या प्रतीच्या फिकटपणाचे खापर उन्हावर फोडले आहे. ऊन तांबड्या-पिवळ्याला खाते. काजळीच्या काळ्या शाईला नाही. काळाही पुसट असेल तर ती प्रत बहुधा झिजलेल्या पत्र्यावरची आहे. पत्र्यावरचे ॲक्वाटिंटचे कण दर छाप्याला शाई पुसून आणि दाब देऊन लवकर झिजतात, म्हणून सुरुवातीच्या प्रतींना मोल जास्त.

— मुद्राचित्रणाचा एक अभ्यासक, पुणे