ऑर्गन पुन्हा बोलता केल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मंडळाचा संगीत नाटकांतला पायऑर्गन तुम्ही पुन्हा बोलता केलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे जाहीर लिहितोय, कारण असे ऑर्गन अजून कितीतरी ठिकाणी गोणपाटाखाली पडून आहेत आणि त्यांची दुरुस्ती बहुधा उलट्या टोकानं सुरू होते. सूर नीट लागेना, की काढ कानस!

तुम्ही आधी भाता पाहिलात. पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची हार्मोनियम, वारा बाहेर ढकलते, हा अमेरिकी धाटणीचा ऑर्गन तो आत ओढतो. म्हणून रंगमंचावरची धूळ थेट सुरांवर, म्हणजे वाऱ्यानं थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभांवर, जाऊन बसते. पॅडल मारून भाता मिटवला, एकही पट्टी दाबली नाही, तरी चार सेकंदांत उघडायचा. वारा असा गळत असला की खर्जाचे सूर उशिरा बोलतात आणि आळ बिचाऱ्या पितळेवर येतो. रबरी कापडाच्या घड्यांना चिरा पडल्या होत्या. ठिगळं न लावता तुम्ही ते सगळं उतरवलंत आणि नवं कापड गरम सरसानं चिकटवलंत. सरस गरम पाण्यानं सुटतो. पांढऱ्या गमनं चिकटवलेलं पुढच्या कारागिराला लाकडासकट सोलावं लागतं.

मग सूर. ६१ पट्ट्या, सुरांचे दोन संच, म्हणजे १२२ सूर. एकेक आकड्यानं ओढून, ब्रशनं झटकून, त्याच क्रमानं परत. मंद्रातला एक मुका होता. जिभेखाली केसाएवढा तंतू सापडला, बस. कानस फार थोड्यांना लागली. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. सगळा ऑर्गन ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाण पट्टीला आणायचा आमचा हट्ट तुम्ही मोडलात, ते फार बरं झालं. तबला ऑर्गनला मिळवता येतो की!

पावसाळ्यात एखादा सूर आपोआप वाजत राहतो, तेव्हा झडपेवरची लाकडी पिन फुगलेली असते, नाहीतर झडपेच्या फेल्टवर, म्हणजे लोकरीच्या जाड कापडावर, कचरा असतो. भोक मोठं करायचं नाही, पिनेला शिसपेन्सिल घासायची, हे आता वादकांच्या वहीत लिहून ठेवलंय. पॅडलच्या फटींना पत्राही ठोकलाय. फेल्ट उंदरांना फार आवडतं.

सुरांना कंप देणारा थरथराटाचा पंखा तेवढा अजून अडकतो. पात्यासाठी पातळ पुठ्ठा आणून ठेवलाय. दिवाळीनंतर सवडीनं या.

आपले नम्र,
मंडळाचे वादक आणि कार्यकर्ते