झोपेची गोळी न देणाऱ्या मुलीस

प्रिय बाय,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. डिचोलीच्या बाजारात फार्मसीच्या काउंटरवर उभी असतेस, एवढं पुरे.

गणपतीची चवथ आटोपल्यावर मी तुझ्याकडे झोपेची गोळी मागायला आले होते. "काकी, चिठ्ठीशिवाय ही देता येत नाही, रजिस्टरात नोंद करावी लागते," म्हणालीस. तेवढं सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली असतीस तरी कुणी तुला बोल लावला नसता. तू मात्र विचारलंस, "झोप का लागत नाही?"

रात्री घामाने भिजलेला गाऊन बदलायला उठते. वर्गात फळ्यासमोर कानशिलं तापतात, मुलांची नावं ओठावर येऊन अडतात. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. हे सगळं एका दमात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. धडधडीसाठी ईसीजी, गुडघ्यांसाठी मलम, थकव्यासाठी टॉनिक, असं प्रत्येक दुखण्याचं दार वेगळं. एका डॉक्टरांनी तर कागदातून मान वर न काढता "या वयात असायचंच" म्हणून सांगितलं. असायचंच म्हणजे सोसायचंच का?

तू औषधाच्या कागदी पिशवीच्या मागे पेनने रकाने आखलेस. पाळीची तारीख, दिवसाला किती पॅड, रात्री किती वेळा जाग, घाम, धडधड. "महिनाभर भरा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना हीच दाखवा. आणि काकी, इतकं अंगावर जाणं वयावर ढकलू नका." मागे एक बाप्या खोकल्याचं औषध मागत ताटकळला होता. त्याला "जरा थांबा" म्हणालीस, त्याचं मला अजून हसू येतं.

म्हापशाच्या डॉक्टरबाईंनी ती चुरगळलेली पिशवी आधी वाचली, मग मला बोलू दिलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी, सोनोग्राफी, आणि रक्तस्राव जास्त म्हणून गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासला. हार्मोनची महागडी तपासणी मात्र नको म्हणाल्या. पाळी जायचा काळ (रजोनिवृत्ती) आलाय हे पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच कळतं, आणि या काळात ते आकडे आज एक तर उद्या दुसरेच असतात. हिमोग्लोबिन बरंच खाली होतं, बाकी रिपोर्ट ठीक आले. मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाल्यावर इस्ट्रोजेन हार्मोनचं जेल आणि रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉन हार्मोनची गोळी सुरू झाली. गर्भाशय शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, अस्तर वाढून कॅन्सरचा धोका येतो, म्हणून ही जोडगोळी. गंमत म्हणजे त्या गोळीने जराशी गुंगी येते. मिळाली एकदाची झोपेची गोळी!

घरी जाऊबाईंनी "हार्मोननं कॅन्सर होतो" म्हणून घाबरवलं, तेव्हा मी पुन्हा तुझ्याचकडे आले. ही भीती 2002 सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर पसरली, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, हे तू सांगितलंस. धोका अजिबात नाही असंही म्हणाली नाहीस. पुष्कळ वर्षं घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. जेल कातडीतून जातं, त्यामुळे रक्ताच्या गुठळीची भीती तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपेक्षा कमी. कोरड्या दंडावर लावून वाळू द्यायचं, नातवाला लगेच कडेवर घ्यायचं नाही, हेही तूच शिकवलंस. आणि हळूच पुढे वाकून, "याने दिवस राहायचे थांबत नाहीत हं, काकी." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे ऐकून मी लाजले. पण पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यावी लागते, हे माझ्या बहिणीलाही ठाऊक नव्हतं.

आता घाम जवळजवळ गेला आहे. गुडघे कुरकुरतात, ते कुरकुरणारच बहुधा. वर्गात हजेरी न अडखळता घेते. आमच्या शाळेतल्या दोघी बाई तुझ्याकडे येतील, मीच पाठवल्या आहेत. एकीची पाळी जाऊन वर्ष उलटलं होतं आणि आता पुन्हा डाग दिसला. तिला रकाने आखून देऊ नकोस, सरळ डॉक्टरांकडे पाठव. मी सांगितलेलं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

मनापासून आभार, बाय. जेल संपत आलंय. गेल्या खेपेला पणजीहून मागवावं लागलं होतं, तर आजच सांगून ठेव. शनिवारी शाळा सुटली की चिठ्ठी घेऊन येते.

तुझी,
शाळेतली काकी