पोहोचायची तारीख विचारू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, टोंगाला कोणत्या तारखेला पोहोचणार हे तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. ती उडवाउडवी नव्हती. शिडाच्या बोटीवर पोहोचायची तारीख कबूल करून बसणं हाच मोठा धोका असतो, आणि तो का, हे फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना. आई, पत्र लांबलंय. पण याचा शेवटचा भाग कपाटात जाऊ देऊ नकोस, तो फोनजवळ लागेल.

आधी वाट. जूनमध्ये मी फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा या प्रवाळबेटावर बोटीत चढेन. तिथून ताहितीतलं पपीते सुमारे २४० सागरी मैल, पुढे बोरा बोरा आणखी १४०. मग सगळ्यात मोठा टप्पा, कूक बेटांपैकी सुवारो, जवळजवळ ६९०. सुवारोहून निउए सव्वापाचशे आणि निउएहून टोंगाचं वावाउ २३५च्या आसपास. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे सगळं मिळून ३,४०० किलोमीटरच्या आतबाहेर. बोट ४५ फुटी, माणसं सहा. चालत्या बोटीवरचे दिवस जेमतेम पंधरा, बाकी मुक्काम नांगरावर. पगार नाही, उलट खाण्यापिण्याच्या आणि डिझेलच्या खर्चात माझा वाटा आहे.

हेच महिने का, तर दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. जून-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, साधारण १५ ते २० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), आणि आम्ही पश्चिमेला चाललेलो असल्यामुळे ते पाठीशी राहतात. अधूनमधून अभिसरण पट्टा, म्हणजे वारे एकमेकांना येऊन मिळतात ती जागा, आडवा येतो. काळ्या ढगांची फळी, अर्धा तास झोडपणारा पाऊस, वारा एकदम दुप्पट. म्हणून दुपारी कितीही छान वाटलं तरी अंधार पडायच्या आधी शीड आखडून ठेवायचं. रात्रभर बोट एखादा नॉट कमी धावली तरी चालते.

आता तारखेकडे येते. बोरा बोरा ते सुवारो हे अंतर ७ नॉटने चार दिवसांचं आणि ५ नॉटने पावणेसहा दिवसांचं. त्याआधी चांगल्या हवेची वाट बघत बोरा बोरालाच किती दिवस बसावं लागेल, ते आज कोणीच सांगू शकत नाही. आणि पोहोचलो तरी लगेच आत जाता येईलच असं नाही. प्रवाळात शिरायचं ते सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असताना, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान. तेव्हाच पाण्याचा रंग वाचता येतो. गडद निळं ते खोल, हिरवट ते उथळ, तपकिरी दिसलं की खडक अगदी वर आलेला. एक जण पोलराइज्ड चष्मा लावून पुढच्या टोकाला उभा राहतो आणि हाताने दिशा दाखवतो. सूर्य समोर असला की पाणी नुसतं चकाकतं, रंग दिसतच नाही. त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता बेट समोर दिसत असलं तरी रात्र बाहेर काढायची.

बाबा म्हणतील, जीपीएस आहे ना. आहे, पण ते आपण कुठे आहोत ते सांगतं. खडक कुठे आहे हे नकाशा सांगतो, आणि या भागात बऱ्याच बेटांचं सर्वेक्षण जुनं आहे. शिवाय इलेक्ट्रॉनिक नकाशा लांबून बघितला तर बारीक खडक त्यावरून गायब होतात. २०१४मध्ये व्होल्व्हो ओशन रेसमधली एक बोट हिंदी महासागरात अशीच रात्री प्रवाळावर चढली. बोटीवर जगातली उत्तम माणसं होती, नकाशात तो खडकही होता, पण ज्या प्रमाणावर नकाशा उघडला होता त्यात तो दिसत नव्हता. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या आधी सगळी रेघ जवळून, इंच इंच सरकवत बघून घ्यायची, आणि हे काम दोघांनी वेगवेगळं करायचं.

फाकारावाचं आणखी एक त्रांगडं. अशा बेटाच्या आत सरोवर असतं आणि त्यात जायला प्रवाळातल्या मोजक्या खिंडी. समुद्राला उसळी असली की दक्षिणेच्या बाजूने लाटा कड्यावरून आत पाणी ओततात, आणि ते सगळं बाहेर पडायला वाट त्या खिंडींचीच. त्यामुळे भरतीच्या तक्त्याप्रमाणे पाणी आत यायला हवं तेव्हाही ते बाहेरच धावत असतं. त्यात समोरून वारा असला की खिंडीत उभ्या लाटा. तक्ता बघून गेलेल्या घाईच्या माणसाला नेमका इथे फटका बसतो. दुर्बिणीतून पाणी सपाट झालेलं दिसेपर्यंत बाहेर थांबणं, एवढाच उपाय.

म्हणजे तारीख पाळायला गेलं की माणूस नको त्या हवेत निघतो, संध्याकाळी आत शिरतो किंवा खिंडीत घाई करतो. म्हणूनच माझं परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं आहे आणि मी तुम्हाला महिना सांगतेय, दिवस नाही.

ट्रॅकरची लिंक तुम्हाला मिळेल. बोटीची जागा दर चार तासांनी नकाशावर टिंबाच्या रूपात दिसते. टिंब रात्रभर बेटाबाहेर घुटमळताना दिसलं तर आम्ही उजाडायची वाट बघतोय. अगदी हळू, एक-दीड नॉटने आडवं सरकत असेल तर बोट मुद्दाम थोपवलीय. एक शीड उलट बाजूला धरून आणि सुकाणू बांधून बोट जवळजवळ उभी करता येते, दुरुस्तीसाठी किंवा नुसत्या विश्रांतीसाठी. आणि टिंब थांबलंच तर बहुतेक वेळा ट्रॅकरची बॅटरी उतरलेली असते, केबलमध्ये खारं पाणी गेलेलं असतं किंवा पॅक संपलेला असतो. संकटाची खूण देणारं यंत्र वेगळं आहे, त्याचा ट्रॅकरशी संबंध नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आई, तुला लाटांची भीती वाटते. पण अशा प्रवासात माणसं जायबंदी होतात ती बहुतेक बूममुळे आणि स्वयंपाकघरात. बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या खालचा आडवा खांब. वारा पाठीमागून असताना बोट जरा जास्त वळली तर तो एका क्षणात या बाजूचा त्या बाजूला जातो, वाटेत डोकं असलं तर संपलं. त्यासाठी बूमच्या टोकापासून बोटीच्या नाकापर्यंत एक दोर ताणून बांधतात. ज्या बोटीवर हा दोर कायमचा तयार नसतो तिथे चढू नये असं माझं मत आहे, आणि या स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, मी तो प्रश्न पहिल्या फोनमध्येच विचारला. स्वयंपाकघरात उकळतं पाणी हा शत्रू. किटली अर्धीच भरायची आणि हवा खराब असली की उकाड्यातसुद्धा रबरी पँट घालून शेगडीसमोर उभं राहायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो. तेव्हा काम झालं की सिलिंडरचाच कॉक बंद.

पाण्यात पडणं हे मात्र खरोखर भयंकर. ६ नॉटने बोट एका मिनिटात १८५ मीटर पुढे जाते, आणि लाटांमध्ये नारळाएवढं डोकं दिसत नाही. म्हणून पडायचंच नाही. डेकवर पुढून मागे चपट्या पट्ट्याची लाइन बांधलेली असते. गोल दोर नसतो, कारण तो पायाखाली गडगडतो. त्या लाइनला अंगातल्या हार्नेसचा हुक अडकवायचा, तोही केबिनच्या पायरीवर असतानाच, बाहेर आल्यावर नव्हे. हार्नेस त्या लाइनला जोडतो तो टेथर. त्याला दोन दोऱ्या असतात, एक मीटरची आणि दोन मीटरची. शक्य तिथे आखूडच वापरायची. लांब दोरीने माणूस बोटीशी बांधलेला राहतो, पण पाण्यात फरफटत. रात्री आणि एकटं असताना हुकाशिवाय बाहेर यायचं नाही, लघवीला पण नाही. (बाबा, पुरुषमंडळींनी यासाठी खाली बसून आतलाच संडास वापरायचा असा या बोटीवर नियम आहे.)

झोपेची काळजी करू नका. दोघादोघांच्या तीन जोड्या, तीन तास पहारा, सहा तास सुट्टी. दिवसाचे आठ पहारे तीन जोड्यांत सरळ भागत नाहीत, त्यामुळे वेळा रोज सरकतात आणि रात्री दोनची पाळी कायम एकाच्याच नशिबी येत नाही. पहिले दोन-तीन दिवस बोट लागते. गोळी निघण्याच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. तेव्हा क्षारांची पुडी पाण्यात घालून घोट घोट.

पाणी माणशी रोज तीन लिटर पिण्या-रांधण्यासाठी. सहा जणांना सहा दिवसांचं १०८ लिटर, आम्ही त्याच्या दुप्पट नेणार, तेही दोन वेगळ्या टाक्यांत, कारण एकीत खारं पाणी शिरलं तर दुसरी राहते. त्याशिवाय वीस लिटरचे चार कॅन. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र आहे, पण हिशोबात धरलेलं नाही. मासे मिळतील ते खोल समुद्रातलेच खायचे. प्रवाळातल्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं, त्याला चव नाही, वास नाही आणि शिजवूनही ते जात नाही.

दुखण्याखुपण्याचं खरं तेच सांगते. प्रवाळाचं खरचटणं हमखास चिघळतं, त्यासाठी घासून धुणं आणि अँटिबायोटिक बोटीवर आहे. दातांचं सगळं काम मी करून घेतलंय. पण सुवारो राष्ट्रीय उद्यान आहे, मोसमापुरते रेंजर सोडले तर तिथे वस्ती नाही, धावपट्टी नाही. तिथे अपेंडिक्स उठलं तर उपग्रह फोनवर डॉक्टर, इंजेक्शनं आणि पुढच्या बेटापर्यंतचे तीन-चार दिवस. हा धोका मी समजून उचलतेय.

आता फोनजवळ ठेवायचा भाग. बोटीवर ४०६ मेगाहर्ट्झचा इपर्ब आहे, म्हणजे ते संकटाची खूण देणारं यंत्र. तो सुरू केला की उपग्रहांमार्फत बोटीची ओळख आणि जागा बचाव केंद्राला कळते, आणि तो किमान ४८ तास संदेश देत राहतो. माझ्या लाइफजॅकेटमध्येही असाच एक छोटा आहे. त्याच्या नोंदणीत संपर्क म्हणून तुमचा नंबर दिलाय. म्हणजे तुम्हाला कधी अवेळी, परदेशातून, इंग्रजीत फोन येऊ शकतो. वाटेचा पूर्वेकडचा भाग ताहितीचं केंद्र बघतं, कूक बेटांपासून टोंगापर्यंतचा न्यूझीलंडचं. घाबरून फोन ठेवू नका. अशा संदेशांतले बहुतेक खोटे निघतात, चुकून कळ दाबली गेल्याचे. ते खात्री करून घ्यायलाच फोन करतात. त्यांना विचारायचं असतं ते एवढंच: बोटीचं नाव, रंग, किती माणसं, कुठून निघालो, कुठे चाललो, शेवटचा निरोप कधी आला. हे सगळं मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलंय. प्रत्येक टप्पा निघताना मी संदेश पाठवेन, तेवढा त्यावर लिहीत जा.

एवढ्या लांब हेलिकॉप्टर पोहोचत नाही. जवळचं मालवाहू जहाज वळवतात, त्याला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर आम्ही बोटीवरच राहणार. तराफा आहे, पण बोट खरोखर पायाखालून जाईपर्यंत त्यात उतरायचं नाही. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत चोवीस बोटी सोडून दिल्या होत्या, त्यातल्या बुडाल्या फक्त पाच.

आणि स्वतःहून कोणाला फोन करायची वेळ तुमच्यावर येणार नाही. किनाऱ्यावर स्किपरने नेमलेली एक व्यक्ती आहे. ठरवलेल्या जास्तीत जास्त दिवसांच्या वर ४८ तास काहीच संपर्क नसेल तर केंद्राला ती कळवेल, आणि त्याच वेळी तुम्हालाही. तिचा नंबर त्याच कागदावर आहे.

तुमची लेक

ता. क. निउए आणि टोंगा यांच्या मधून तारीखरेषा जाते. दोन्हीकडे घड्याळ अगदी सारखं, फरक बरोबर २४ तासांचा. त्यामुळे त्या टप्प्यात आमच्या वहीतला एक वार गळेल. बाबा, कागदावर ट्रॅकरची वेळ लिहाल ती यूटीसीतलीच, म्हणजे सगळ्या जगाला एकच असलेल्या वेळेतली, लिहा, नाहीतर एक दिवस हरवला म्हणून आई रात्रभर जागेल.