बेडूक डावखुरा आहे हे दाखवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "हॅ, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय कृष्णेच्या पाण्यावर नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. मध्येच तोडता येणार नाही असं.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. चिरंजीव सहा वर्षांचे. दारातल्या पायरीवर पहाटेचं दव गोठलं होतं, त्यावरून घसरले आणि नडगीचं हाड मोडून घेतलं. मांडीपर्यंत प्लॅस्टर. शाळेला नाताळची सुट्टी लागलेली, त्याला सांभाळणाऱ्या बाई आपल्या माहेरी, नवरा कामासाठी ॲबर्डीनला आणि माझ्या ऑफिसात वर्षअखेरीची घाई. तुम्ही हिवाळ्यापुरते लेकीकडे इंग्लंडात, स्लाउला आला होतात. दोन घरं सोडून. ऊन ज्या खिडकीत येईल तिथे खुर्ची सरकवत बसायचात, एवढीच आपली ओळख. आणि एका सकाळी बेल वाजवून म्हणालात, "पोराकडं मी बघतो. तुम्ही जावा."

सलग अकरा दिवस, नऊ ते पाच. येताना स्वतःचा डबा घेऊन यायचात, का तर मला तुमच्यासाठी पोळ्या लाटायला लागू नयेत. (ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं तुम्हाला माझ्या हातचं आवडत नसावं.)

पहिल्या दिवशी मी घाईघाईत 'द मपेट ख्रिसमस कॅरोल' लावून गेले. निवड अशी काही केली नव्हती, दीड तास शांततेत जाईल एवढाच हिशेब. दुसऱ्या दिवशी पोराने तोच मागितला. तिसऱ्या दिवशीही. मी तुमची माफी मागायला लागले तर तुम्ही म्हणालात, "नाटकाचा प्रयोग रोज तोच असतो की. प्रेक्षकानं दर वेळी नवीन काहीतरी बघायचं." आणि औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायरीत नियम लिहिलात: एका प्रयोगाला एक नोंद. जुनी चालणार नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोष्ट डिकन्सची, १८४३ची. कंजूष स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री भुतं भेटतात आणि तो सुधारतो. १९९२च्या या चित्रपटात स्क्रूज आहे मायकेल केन, म्हणजे हाडामासाचा नट, आणि त्याच्याभोवती जवळजवळ सगळ्या मपेट, म्हणजे हात आत घालून चालवायच्या बाहुल्या. त्याचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट म्हणजे कर्मिट बेडूक. खुद्द डिकन्स म्हणजे निळा, बाकदार नाकाचा गॉन्झो, आणि त्याच्या शेपटाला बांधल्यासारखा रिझो नावाचा उंदीर.

डायरीतली पहिली नोंद तुमची. "बेडूक डावखुरा." मी संध्याकाळी वाचलं आणि हसले. मग तुम्ही पोराचा मोजा मागितलात. लाल, टाचेला विरलेला. तो उजव्या हातावर चढवलात, बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. म्हणालात, उजवा हात डोक्यात अडकला, मग बाहुलीचा हात हलवायला कुठला उरला? डावा. म्हणून या मपेट मंडळींतले बहुतेक जण डाव्या हाताने हातवारे करतात. आमचं पोरगं डावखुरं आहे, काका. सुट्टीत भारतात गेलं की पंगतीत चार जण त्याच्या ताटातला घास डाव्या हातातून उजव्या हातात द्यायला लावतात. कर्मिट आपल्यातला आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा तुम्ही पाहिलात, मी नाही. मी ऑफिसात होते. पण त्यानंतर आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

त्याच मोज्यावर तुम्ही त्याला बोलायला शिकवलंत. नवखा माणूस बोलताना चार बोटं वर उडवतो, त्यामुळे बाहुलीचं अर्धं डोकं मागे पडतं आणि ती आकाशाकडे बघून बोलल्यासारखी दिसते. वरची बोटं स्थिर ठेवायची, अंगठा खाली सोडायचा. आणि अक्षराला तोंड उघडायचं, मिटायचं नाही. "का-का" म्हणताना दोनदा अंगठा खाली. मी दारात पर्स खांद्याला तशीच ठेवून पाच मिनिटं बघत उभी राहिले होते. तुमचा हात डोक्याच्या वर, कोपर सरळ, आणि मोजा पोराच्या डोळ्यांत बघून त्याला विचारत होता की शी झाली का. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं तुम्ही आणि काकूंनी बाहुल्यांचे खेळ केले होते हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी तुम्हाला 'खिडकीतले काका' म्हणायचे.

मग तुमच्या नोंदींना चेवच आला. पुढची: "जमीन खोटी." तुम्ही म्हणालात, आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्यांत माणूस वर असतो, दोऱ्या खाली सोडतो. इथे माणूस खाली आहे. मग बाहुली रस्त्यात उभी राहिली तर तो बसणार कुठं? रस्त्याच्या पोटात. खरंच तसं आहे. या चित्रपटाचे सेट उंचावर बांधले होते, बाहुल्या चालवणारे खाली उभे, आणि मधल्या फळ्यांवरून मायकेल केनने चालायचं. पाय चुकला तर थेट कुणाच्या तरी डोक्यावर. हे कळल्यापासून मी स्क्रूजची ती ताठ, खडूस चाल बघते आणि मला फळी दिसते. बाहुल्या कुठे असतात बघा: खिडकीच्या चौकटीत, पिंपाआड, टेबलामागे, कठड्याच्या पलीकडे. आणि मग एकाएकी कर्मिट आपल्या आजारी पोराला, धाकट्या टिमला खांद्यावर घेऊन आख्ख्या पायांनिशी गल्लीतून चालत येतो! तिथे तुम्ही चित्रपट थांबवलात. "आता माणूस कुठं गेला?" पोराने विचारलं. दोन दिवस तुम्ही मिशीला हात लावत होतात. उत्तर त्याला सांगितलं नाहीत, मलाही नाही.

भूतकाळाचं भूत, ती पांढुरकी मुलगी, तिच्याविषयीची नोंद मला सगळ्यांत आवडते. तुम्ही लिहिलंय, "केस वाऱ्यावर नाहीत. पाण्यात." मी खात्री केली. ती बाहुली खरोखरच पाण्याच्या टाकीत चित्रित करून नंतर दृश्यात बसवलेली आहे. तुम्हाला कसं कळलं विचारलं तर म्हणालात, नदीकाठचा माणूस आहे.

माझी नोंद एकच आहे आणि ती मी अजून मिरवते. पुस्तकात स्क्रूजचा मेलेला भागीदार एकच, जेकब मार्ली. चित्रपटात दोन भाऊ आहेत, कारण बाल्कनीत बसून सगळ्यांना नावं ठेवणारे ते दोन मपेट म्हातारे जोडीनेच येतात. एक जेकब. दुसऱ्याचं नाव रॉबर्ट. नवव्या प्रयोगाला मी भांडी विसळता विसळता थांबले. रॉबर्ट मार्ली. म्हणजे बॉब मार्ली, तो रेगे गायक! तुम्हाला बॉब मार्ली कोण ते समजावून सांगण्यात माझी संध्याकाळ गेली, पण तुम्ही नोंद मंजूर केलीत.

आणि ते गाणं. पाचव्या दिवशी पोराने तुम्हाला विचारलं होतं, उंदीर एवढा का रडतोय? तरुण स्क्रूजला त्याची प्रेयसी बेल सोडून जाते, दोन वाक्यांत प्रसंग संपतो, आणि रिझो हमसून हमसून रडत असतो. तुम्ही म्हणालात, मधलं काहीतरी कापलंय. बाहुली उगाच रडत नाही, तिला रडवायला एका माणसाला हात वर धरून उभं राहावं लागतं. मला वाटलं काका उगाच ताणतायत. मग सातव्या दिवशी मी, आपण चित्रपट बघायचो त्या ॲपच्या तळाशी, जिथे कुणी जात नाही तिथे, पूर्ण लांबीची आवृत्ती शोधून काढली. बेलचं निरोपाचं गाणं होतं तिथे. चित्रपटगृहात लावताना ते काढलं होतं, लहान मुलं चुळबुळ करतील म्हणून. पुढे त्याची मूळ निगेटिव्हच सापडेना, आणि ती मिळून गाणं परत जोडलं गेलं ते थेट २०२२ मध्ये. शेवटी सगळे मिळून जे गातात ते त्याच गाण्याचं उत्तर आहे. चित्रपटगृहात लोकांनी प्रश्न न ऐकता उत्तर ऐकलं. चुळबुळीचं म्हणाल तर आमचं पोरगं गाणं संपेपर्यंत हललं नाही. अर्थात प्लॅस्टर होतं.

आता दहाव्या दिवसाबद्दल. त्या दिवशी डायरीत काही नाही, फक्त तारीख आहे.

स्क्रूजला दाखवलेल्या भविष्यात टिम गेलेला असतो. क्रॅचिटच्या घरी त्याची कुबडी कोपऱ्यात टेकवलेली, आणि कर्मिट बाहेरून येतो, बायकोमुलांना धीर देतो. भेटणं आणि दुरावणं हे असंच असतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. मी त्या दिवशी लवकर आले होते. तुम्ही पोराला हळूच म्हणालात, "त्याचं तोंड बघ. त्यात यंत्र नाही, तार नाही. कापडाच्या आत नुसती मूठ आहे. ती मूठ आवळली की तो रडतो." मी तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवलं की कर्मिट ज्यांनी घडवला आणि पस्तीस वर्षं स्वतःच्या हाताने चालवला, ते जिम हेन्सन मे १९९० मध्ये गेले, वयाच्या ५३व्या वर्षी. हा त्यांच्यानंतरचा पहिला मपेट चित्रपट. दिग्दर्शन त्यांच्या मुलाचं, ब्रायनचं, आणि त्याचाही पहिलाच. या चित्रपटात कर्मिटच्या आत स्टीव्ह व्हिटमायरचा हात. चित्रपट अर्पण केलाय तो जिम हेन्सन आणि १९९२ मध्येच गेलेले त्यांचे सहकारी रिचर्ड हंट या दोघांना.

तुम्ही म्हणालात, "म्हणजे त्या मुठीला माहीत होतं."

मग बराच वेळ काही बोलला नाहीत. पोराने विचारलं, काकू कुठली बाहुली करायच्या? तुम्ही सांगितलंत, सासूची. आणि सुनेचीही तीच. दोन हात, दोन आवाज, आणि माझं काम पडदा धरायचं. काकू गेल्यावर तुम्ही बाहुल्या ट्रंकेत ठेवल्या होत्या, आणि आमच्या घरातला तो विरलेला मोजा हा त्यानंतरचा तुमचा पहिला खेळ होता. हे तुमच्या लेकीने मला तुम्ही परत गेल्यावर सांगितलं. आधी कळलं असतं तर मी निदान नवा मोजा दिला असता.

काका, पोराला कुणीही सांभाळलं असतं असं तुम्ही म्हणता. सांभाळलं असतं. पडदा लावून शेजारी मोबाइल घेऊन बसलं असतं. मीही तेच करते. तुम्ही पडद्याच्या खालच्या कडेकडे बघायला लावलंत, आणि तिथे माणूस लपलाय हे कळूनसुद्धा कर्मिट रडला की पोरगं रडतं. मला भीती होती की गंमत फुटेल. रामदास पाध्यांच्या अर्धवटरावाच्या मागे पाध्ये बसलेले आपल्याला ढळढळीत दिसायचेच की, आपण कुठे त्यांच्याकडे बघायचो.

मायकेल केन बघत नाही, ही तुमची अकराव्या दिवसाची आणि शेवटची नोंद. "नट बाहुलीच्या डोळ्यांत बघतो. खाली एकदाही नाही." त्याच्याखाली तुमची लफ्फेदार सही, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी.

गुढघ्याची काळजी घ्या. पाडव्याला आम्ही येतोय, तेव्हा ट्रंक उघडायची आहे. पोराने तसं मला बजावून ठेवलंय, मी फक्त कळवते.

तुमची,
दोन घरं सोडून राहणारी

ता. क. काल यंदाचा पहिला प्रयोग झाला. सहाव्या वर्षी त्याला दुकानांवरच्या पाट्या भरभर वाचता येत नव्हत्या, आता येतात. शेवटाकडच्या गाण्यात स्क्रूज सगळ्यांना घेऊन रस्त्यातून निघतो, तिथे एका दुकानावर 'मिकलव्हाइट' लिहिलेलं त्याने पकडलं. चित्रपट थांबवून शोधलं तर मायकेल केनचं जन्मनाव मॉरिस मिकलव्हाइट. तुमच्या सहीनंतरचं पान त्याने दोन वर्षं कोरं ठेवलं होतं, त्यावर ही नवी नोंद लिहिली आहे, डाव्या हाताने, शाई फासून. मंजूर आहे का ते त्याला फोन करून सांगा. मला सांगून चालणार नाही म्हणतो.